लो-कार्बन शहर धोरणांमुळे पर्यटनाची पर्यावरणीय कार्यक्षमता खरंच वाढते का? मुंबईत काय दिसतं?

वाढते, पण त्याचं श्रेय पर्यटन खात्याला क्वचितच द्यावं लागतं. वीज, बस-मेट्रो आणि कचरा यांत शहर सुधारलं की पाहुण्याचा हिशेबही आपसूक सुधारतो. मी दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागात आहे, तेव्हा उत्तर चिलर प्लांटच्या (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूने झुकणारच.

कार्यक्षमता म्हणजे इथे पर्यटनाची कमाई भागिले त्यासाठी लागलेली ऊर्जा, पाणी आणि झालेलं उत्सर्जन. या विषयावर चीनमध्ये बराच अभ्यास होतो, कारण तिथे २०१०, २०१२ आणि २०१७ अशा तीन टप्प्यांत पथदर्शी लो-कार्बन शहरं निवडली गेली. निवडलेली आणि न निवडलेली शहरं शेजारी ठेवून पाहता येतात. पण पहिल्याच यादीत हांगचौ आणि श्यामेन होती, आधीपासून पर्यटकांनी गजबजलेली. धोरणाने किती साधलं आणि मुळात किती होतं, हे सोडवणं कठीणच.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, २०५० पर्यंत नेट झीरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषलं जाण्याचं, लक्ष्य ठेवून. त्यात २०१९ चं शहराचं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन धरलं आहे. त्यातला सुमारे ७२ टक्के वाटा इमारती वगैरेंत लागणाऱ्या ऊर्जेचा, वाहतुकीचा साधारण २० टक्के. म्हणजे पाहुणा टॅक्सीने फिरला की बसने, यापेक्षा त्याच्या खोलीचा एसी कुठल्या विजेवर चालतो हे मला महत्त्वाचं वाटतं. मुंबईची वीज अजून बरीचशी कोळशाची. ती स्वच्छ झाली तर आम्ही एकही मशीन न बदलता आमचा आकडा खाली येईल, आणि आम्ही तो फ्रेम करून लॉबीत लावू!

आता खरी गोम. हॉटेल अर्धं रिकामं असलं तरी लॉबीचा एसी, कॉरिडॉरचे दिवे, किचनचं कोल्ड स्टोरेज चालूच असतं. लग्नसराईत हॉटेल भरलं की भरलेल्या खोलीमागे युनिट घटतात, एकूण बिल मात्र चढतं. कार्यक्षमता वाढली आणि उत्सर्जनही वाढलं. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये अर्थातच पहिलाच आकडा झळकतो. शहराचंही असंच होतं.

वाहतुकीत फरक डोळ्यांना दिसतो. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. विमानतळावरून हुतात्मा चौकापर्यंत आता गाडीची गरज नाही. घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटरवर भागायचं. पण गेटवेहून तिथे नेणाऱ्या लाँच बहुतेक डिझेलवरच. आणि पाहुणा ज्या विमानाने आला, त्याचा धूर कोणाच्या खात्यात घालायचा? शहराच्या हद्दीपुरतं मोजलं की तो बाहेरच राहतो आणि गुणोत्तर फारच गोंडस दिसतं.

प्रबंधासाठी विचारत असाल तर हॉटेलांकडे वर्षाचं बिल मागू नका. महिन्यागणिक युनिट आणि भरलेल्या खोल्या, दोन्ही मागा. तो तक्ता इंजिनिअरिंगवाल्यांकडे सहसा तयार असतो.