पुण्याहून मित्रांसोबत शनिवार-रविवार महाबळेश्वरला गाडी घेऊन जातोय, तिघे आलटून पालटून चालवू. काय पाहावं, कधी निघावं, आणि घाटात काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. "घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं असं आमच्यातला एक जण म्हणतो, खरं आहे का?" नाही, खोटं आहे आणि जीवावर बेतणारं आहे. ज्याने हे सांगितलंय त्याच्या हातात वाई आणि पाचगणीमधल्या पसरणी घाटात स्टेअरिंग देऊ नका. फिरण्याचं पुढे सांगतो, आधी हे.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. घाटातल्या ड्यूट्या त्यांनी वर्षानुवर्षं केल्या, पावसाळ्यात, धुक्यात, पन्नास माणसं मागे बसवून. मला गाडी त्यांनीच शिकवली. घाटासाठी त्यांचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणायलाच तयार नसत.

कॉलेजच्या ग्रुपसोबत आम्ही असेच दोन दिवस महाबळेश्वरला गेलो होतो. पाच जण, डिकी भरून बॅगा, गाडी एका मित्राची. रविवारी संध्याकाळी परत निघालो. पाचगणी सोडून घाट सुरू झाला आणि या पठ्ठ्याने गाडी न्यूट्रलला टाकली. मी पुढे शेजारीच बसलो होतो. म्हटलं, "सेकंड टाक." तो म्हणाला, "अरे फुकट पळतेय, पळू दे." मी वडिलांचा नियम सांगितला. त्यावर तो हसला. "काकांच्या वेळी लाल डबा होता रे, आता गाड्या बदलल्या." मागचे तिघेही हसले, एकाने मला घाबरट म्हटलं. ते हसणं मी विसरलेलो नाही.

तीन-चार वळणांनंतर वास यायला लागला. क्लचचा वास वेगळा आणि ब्रेकचा वेगळा. ब्रेक तापले की जळक्या रबरासारखा, नाकात झोंबणारा वास येतो. मागच्यांना वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. मग मित्राचा चेहरा बदलला. पेडल पहिल्यापेक्षा खूप खाली जात होतं आणि गाडी हवी तशी थांबत नव्हती. तो सेकंड टाकायला गेला, पण वेग जास्त, गिअर पडेना. मी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि थोडा ओढ, थोडा सोड असं करत वेग कमी केला. आधी थर्ड पडला, मग सेकंड. इंजिन ओरडलं आणि गाडीला ओढ बसली. डोंगराच्या बाजूला जरा मोकळी जागा दिसल्यावर तिथे थांबवली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. एक जण पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला हाताला धरून मागे ओढलं. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर डिस्क वाकते, तडकूही शकते. ती आपोआपच थंड होऊ द्यायची. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो. उरलेला घाट मी चालवला, सेकंडमध्ये, आणि तेव्हा कोणी हसलं नाही.

आता हिशोब बघा. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सहाशे मीटरच्या आसपास फरक आहे. माणसं आणि सामानासकट लहान गाडीसुद्धा 1,300 किलोच्या घरात जाते. ते वजन तेवढं खाली आणताना जी उष्णता तयार होते, त्यात 20 लिटर पाणी सहज उकळायला लागेल. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकवर, त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांवर पडते. डिस्कला दाबून धरणारे ब्रेकचे पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड सुटते. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुमचा पाय ते बुडबुडेच दाबत राहतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल 230 अंशांपर्यंत टिकतं, पण पाणी मुरलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं कधी बदललंय ते निघण्याआधी गॅरेजवाल्याला विचारा. टायरची हवा आणि वायपर तुम्ही बघालच.

आणि पेट्रोलचं म्हणाल तर, आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे घाट गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल वाचतं, न्यूट्रलमध्ये उतरलात तर जळतं. माझ्या त्या मित्राचं म्हणणं कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळातलं. जुनाट समजूत त्याची होती, माझ्या वडिलांची नव्हे. इंजिनच बंद करून उतरणारेही महाभाग आहेत. त्यात ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, स्टेअरिंगही दगडासारखं जड होतं.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, अरुंद जागी उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. हा नियमच आहे, मेहेरबानी नाही. ब्रेक लावायचे ते वळणाआधी, जोरात आणि थोडा वेळ, मग सोडायचे. सतत हलका पाय ठेवून घसटत न्यायचं नाही. वळणावर ओव्हरटेक नको. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय बीममध्ये समोर पांढरी भिंतच दिसते. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, चालू ठेवून गाडी हाकणाऱ्यांचं मला कधीच कळलेलं नाही. मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार, काही समजत नाही. तिघे आलटून पालटून चालवणार म्हणता, ते हायवेवर ठीक आहे. घाटात ज्याचा हात सरावलेला आहे तोच बसेल, आणि तो थांबू म्हणाला की थांबायचं, त्यावर मतदान नको.

आता फिरण्याचं. पहाटे निघा. अंतर 120 किलोमीटरच्या आसपास आहे, सुरूर फाट्यावरून आत वळून वाई, पसरणी घाट, पाचगणी. शनिवारी उशिरा पोचलात तर वेण्णा लेकपाशीच रांगेत अडकाल. पाचगणीचं टेबल लँड पठार जातानाच करा. जुन्या महाबळेश्वरला कृष्णाबाईचं देऊळ चुकवू नका, गर्दी पंचगंगा मंदिरात असते आणि लोक हे न बघताच परततात. सूर्योदयाला विल्सन पॉइंट. प्रतापगड दोन दिवसांत बसतो, पण त्यासाठी आंबेनळी घाटात उतरून परत चढावं लागतं. दमलेल्या ड्रायव्हरला घेऊन जाऊ नका. बाकीचे पॉइंट कुणीही सांगेल. परतीला रविवारी दुपारीच निघा. संध्याकाळी पसरणीत गाड्यांची रांग लागते आणि नाइलाजाने ब्रेकवरच उतरावं लागतं.

एक राहिलं. गाडी ऑटोमॅटिक असेल तर डी वर ठेवून उतरू नका. गिअर खालचा ठेवणारे एल, एस किंवा मॅन्युअल, जे असेल ते वापरा. इलेक्ट्रिक गाडी वरून 100 टक्के चार्ज करून निघालात तर बॅटरीत जागाच नसते, त्यामुळे सुरुवातीला रीजन ब्रेकिंग, म्हणजे मोटरने वेग कमी करत बॅटरी चार्ज करणं, नीट मिळत नाही. थोडी रिकामी ठेवा. आणि सेकंड म्हणजे सगळीकडे सेकंडच असं नाही. उतार सौम्य असेल तर थर्ड चालतो, फार तीव्र असेल तर फर्स्टही लागतो. ब्रेकवर सारखा पाय द्यावा लागतोय असं वाटलं की एक गिअर खाली या, पण वेग आधी कमी करून, कारण वेगात गिअर पडत नाही हे मी शेजारी बसून बघितलंय.

तो मित्र आजही म्हणतो की त्या दिवशी पॅड लोकल होते म्हणून तसं झालं. जाताना वाईला चहा पिताना त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं की सर्व्हिसिंग करून आणलीय, पॅड ओरिजिनल टाकलेत. नंतर मेकॅनिकने काढून दाखवले तेव्हा मी तिथे होतो. पॅड भरपूर जाड होते, झिजलेले नव्हतेच. तापून त्यांचा वरचा थर चकचकीत आणि कडक झाला होता, नखाने ओरखडाही उठत नव्हता. मेकॅनिकने वर न बघताच विचारलं, "घाट न्यूट्रलमध्ये उतरलात का?"