फुटणाऱ्या ताऱ्याचे मूळ तेज कसे कळते?

प्रश्न : रात्री आखाड्यावर झोपायला गेलो की दूरच्या शेतांतले दिवे दिसतात, त्यांतला जवळचा मंद दिवा कोणता आणि लांबचा प्रखर कोणता, हे नुसते पाहून सांगता येत नाही. मग फुटणाऱ्या ताऱ्याच्या उजेडावरून त्याचे अंतर कसे काढतात?
– एक वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)

उत्तर : आपण नेमक्या अडचणीवर बोट ठेवले आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो, हा हिशोब सोपा आहे. परंतु दिवा मुळात किती वॅटचा आहे हे कळल्याशिवाय तो मांडताच येत नाही. या कामासाठी ‘टाइप वन-ए’ प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, वापरतात. सूर्यासारखा तारा विझल्यावर पृथ्वीएवढा, अतिशय घन श्वेतबटू उरतो. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे श्वेतबटूला पेलवणाऱ्या कमाल वस्तुमानाजवळ (चंद्रशेखर मर्यादेजवळ) पोहोचले की त्यातील कार्बन पेट घेतो आणि काही सेकंदांत सगळा तारा उधळला जातो. दोन श्वेतबटूंच्या मीलनातूनही असा स्फोट घडू शकतो.

मर्यादा एक म्हणून तेजही एकच, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण खरी गंमत त्यात झाकली जाते. हे स्फोट सारखे तेजस्वी नसतातच. कित्येक आठवडे दिसणारा उजेड स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेलमुळे असतो; निकेलचे कोबाल्ट आणि कोबाल्टचे लोह होताना सुटणाऱ्या ऊर्जेने ते अवशेष तळपत राहतात. निकेल जितके अधिक, तितके तेज अधिक आणि ते ओसरतेही तितकेच सावकाश. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत उजेड किती उतरला हे मोजले तर मूळ तेज ठरवता येते. वाटेतल्या धुळीने प्रकाश क्षीण होतो, पण तो तांबूसही होत असल्याने ती घट वेगळी काढता येते.

तरीही पहिले माप दुसरीकडूनच घ्यावे लागते. ऑगस्ट २०११ मध्ये सप्तर्षीच्या शेपटीजवळील, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एम-१०१ दीर्घिकेत असा तारा फुटला. त्या दीर्घिकेचे अंतर सेफीड ताऱ्यांवरून, म्हणजे ठरावीक काळाने उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या ताऱ्यांवरून, काढता येते. सेफीडच्या स्पंदनकाळाचा आणि तेजाचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडला होता. अशा जवळच्या स्फोटांवर माप पक्के करून मग अब्जावधी प्रकाशवर्षांपर्यंत जाता येते. तिथले सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजेच अपेक्षेपेक्षा दूर आढळले, म्हणूनच विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ मध्ये कळले.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणारी, गुरुत्वीय लहरी (अवकाशात उठणारे तरंग) टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडेल. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींची वारंवारता ज्या गतीने वाढते, तिच्यावरून त्यांची मूळ तीव्रता कळते. तिथे सेफीडचा आधार लागत नाही.