व्हॉलंटियरिंग करून आले, आता इंजिनिअरिंग सोडू का?

प्रश्न: ताई, मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत एका एजन्सीला फी भरून सहा आठवडे परदेशातल्या एका खेड्यात शाळेत इंग्रजी शिकवून आले. तिथली गरिबी बघून हादरलेय. त्या लोकांकडे काही नाही तरी किती आनंदी असतात! मला मी कोण आहे ते तिथे कळलं. आता डिग्री सोडून सोशल वर्क करावं असं वाटतंय, पण कधीकधी वाटतं मी तिथे कुणाच्याच काही उपयोगाची नव्हते. काय करू?

उत्तर: तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, वर थोडक्यात दिलंय. मी ते तीनदा वाचलं, आणि तू कोण आहेस हे कळण्याबद्दल तू लिहिलंयस ते मला थोडं धूसर वाटलं गं, पण मधलं एक पान फार जिवंत आहे, ते पाण्याच्या रांगेचं. मुली पहिल्या तासाला रोज उशिरा का येतात म्हणून तू एकदा त्यांच्याबरोबर हातपंपावर गेलीस, घड्याळ लावलंस, जाऊन-थांबून-परत यायला सत्तर मिनिटं लागली, मग तू पुढचे चार दिवसही जात राहिलीस आणि वहीत वेळा लिहून ठेवल्यास. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं ना? करिअर शोधताना मी नेमकं हेच बघते, की कुणी न सांगता माणूस कशाच्या मागे जातो.

आणि तू जे मोजलंस ते खरंच मोजतात. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ पाण्याची सोय तपासतात तेव्हा जाणं, रांग आणि परत येणं मिळून 30 मिनिटं ही रेषा धरतात, त्याच्या पुढे गेलं की पाणी चांगलं असलं तरी त्याला मूलभूत सोय म्हणत नाहीत. 2010 पासून यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि ऑक्सफर्डचे लोक मिळून गरिबीचा जो बहुआयामी निर्देशांक काढतात त्यातही पाणी आहे, शाळा आहे, स्वयंपाकाचं इंधन आहे, नुसते पैसे नाहीत. म्हणजे तू बघितलीस ती गरिबी त्या मुलींच्या सकाळच्या वेळात होती.

म्हणून 'काही नाही तरी आनंदी' हे वाक्य मला खटकलं. रागावू नकोस, खूप जण परत येऊन हेच म्हणतात. पाहुणी आल्यावर मुलं हसणारच. पण सत्तर मिनिटं हंडा घेऊन उभी असलेली मुलगी आनंदी आहे का हे तू तिला विचारलं नव्हतंस, आणि विचारायला तिची भाषाही तुला येत नव्हती, हे तूच लिहिलंयस.

आता उपयोगाचं. तू गेल्यावर पुढची व्हॉलंटियर आली आणि तिने परत पहिल्यापासून एबीसीडी सुरू केलं असं तिथल्या सरांनी तुला कळवलं, ते वाचून तू रडलीस. हो, सहा आठवड्यात इंग्रजी शिकवून होत नाही, ती रचनाच चुकीची आहे, त्याचा दोष स्वतःवर घेऊ नकोस. पण तेवढ्यावरून स्वतःला निरुपयोगीही ठरवू नकोस. मायकल क्रेमर कॉलेज झाल्यावर असेच केनियात एक वर्ष शिकवायला गेले होते. पुढे अर्थतज्ज्ञ होऊन ते तिथल्याच शाळांमध्ये परत गेले आणि फुकट पाठ्यपुस्तकं देऊन खरंच फरक पडतो का ते तपासलं, तर सरासरी मार्क वाढलेच नाहीत, फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा होती. अशाच कामासाठी 2019 चं नोबेल त्यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर मिळालं. मला त्यांचं परत जाणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर डिग्री सोडू नकोस, अजिबात नको. पाणीपुरवठा, पंप, भूजल हे सगळं सिव्हिलमध्येच येतं आणि तू तेच सोडायला निघालीयस! फायनल प्रोजेक्ट पाण्यावर घे, स्टॅटिस्टिक्स नीट शिक, मग मास्टर्सला वॉटर-सॅनिटेशन किंवा पब्लिक हेल्थकडे वळता येईल. सोशल वर्क वाईट आहे असं म्हणत नाहीये, पण तुझ्या चार पानांत मला त्याची ओढ कमी आणि अपराधीपणा जास्त दिसला, आणि अपराधीपणावर दोन वर्षांचा कोर्स निघत नाही, मी मुलांना अर्ध्यातून परत येताना पाहिलंय. परत व्हॉलंटियरिंग करावंसं वाटलं तर यूएन व्हॉलंटियर्सचं ऑनलाइन काम 18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही घरबसल्या करता येतं, आधी ते करून बघ.

मास्टर्सच्या अर्जात एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन लिहावं लागतं, त्यात मुलांना कडेवर घेतलेली गोष्ट नको, त्या हातपंपापासून सुरुवात कर. त्याआधी तिथल्या सरांना वहीतले आकडे पाठव आणि त्यांना स्वतःला काय हवंय ते विचार, त्यांचं उत्तर आलं की पहिला ड्राफ्ट मला पाठव.