स्पेनमधले काही रेगे बँड स्पॅनिश सोडून व्हॅलेन्सियाच्या बोलीत का गातात? याला प्रतिकार म्हणणं जरा जास्तच नाही का?

जास्त नाही. तुमचं ते 'जास्तच' वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

मी टाइल्सच्या ग्लेझमधला माणूस. २०१४ साली कंपनीने सात महिने व्हॅलेन्सिया प्रदेशातल्या कास्तेल्योकडे पाठवलं होतं. राहायला जवळच्या गावात, एका आजीबाईंच्या माडीवर. जाण्याआधी हौसेने बार्सिलोनात छापलेल्या पुस्तकावरून कॅटलान, म्हणजे याच भाषेचं बार्सिलोनाकडचं रूप, घोकली होती. पहिल्याच सकाळी 'आज'ला 'अवुई' म्हणालो, तर आजीबाई म्हणाल्या, "इथे 'वी' म्हणतात." पोरगा 'नोइ' नाही, 'चिकेत'. बघणं 'वेउरे' नाही, 'वोरे'. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मी कुडाळचा. पुण्यात होस्टेलला 'माका' तोंडातून निसटलं की अख्खी खोली फिदीफिदी हसायची.

ऑगस्टात गावची जत्रा होती. रात्री एक वाजता चौकात ट्रेलरवर गावच्याच पोरांचा बँड चढला. गिटारचा तो ठेक्याच्या मधल्या जागी पडणारा 'चक, चक', खाली जड बेस, आणि मध्येच दोल्साइना. ती आपल्या सनईची लांबची बहीण, फुंकायला तशीच दुहेरी पाती. क्षणभर लग्नाचा मांडवच डोळ्यांपुढे आला. आजीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, 'झोपू देत नाहीत मेले' म्हणत. ध्रुवपद आलं की ओठ मात्र हलायचे. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत हीच बोली तोंडातून निघाली की त्यांच्या हातावर पट्टी बसायची. डॉक्टरशी त्या अजूनही स्पॅनिशच बोलायच्या. मांजराशी व्हॅलेन्सियन.

आदल्याच नोव्हेंबरात तिथल्या प्रादेशिक सरकारने या भाषेची वाहिनी, कानाल नोउ, रेडिओसकट बंद केली होती. बार्सिलोनाची कॅटलान वाहिनी टीव्ही-३ तर २०११पासूनच दिसत नव्हती. घरातल्या टीव्हीवर स्पॅनिश, चौकातल्या ट्रेलरवर व्हॅलेन्सियन. याला प्रतिकार नाही तर काय म्हणायचं?

आणि रेगेच का? अहो, जमैकात रेगे वाढलं ते पात्वामध्ये, जिला साहेबी शाळा मोडकं इंग्रजी म्हणत. त्यामुळे व्हॅलेन्सियाकडच्या ओंतिन्येंत गावच्या 'औक्सिली' या बँडने ते उचललं तर त्यात उसनं काही वाटत नाही. १९९३ साली सुरू झालेले 'ओब्रिंत पास' किंवा पेगो गावचे 'ला गोस्सा सोर्दा' निखळ रेगेवाले नव्हेत, स्का (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत), पंक, दोल्साइना अशी सगळी मिसळ आहे, पण घराणं तेच.

आमच्या दादाचं मत वेगळं. मालवणी गोड, पण विनोदी नाटकापुरती. बाकी ठिकाणी म्हणे, "आदी शुद्ध बोलूक शीक." हे सांगतो तेही मालवणीत! व्हॅलेन्सियातही हेच चालायचं. १९व्या शतकात एदुआर्द एस्कलांतेच्या प्रहसनांना लोक पोट धरून हसायचे, म्हणजे हसायला बोली आणि अर्ज लिहायला स्पॅनिश. बोलीत कुणी खरंखुरं चिडलं, रडलं की ऐकणारे अवघडतात. त्या पोरांनी लोकांना तसं अवघडू दिलं. माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम ते. घोषणा काय, कुणीही देतं.

हां, एक सांगायचं राहिलं. 'आमची व्हॅलेन्सियन म्हणजे कॅटलान नाहीच', असं ठासून सांगणारे तिथे पुष्कळ आहेत. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही एकच मानतात, पण तिथे गेलात तर हा विषय जपून काढा. त्याच प्रदेशातल्या अलिकांते शहरात रस्त्यावर बहुतेक स्पॅनिशच कानावर पडते. आणि चौकातली निम्मी पोरं बिअरसाठी आली होती, तेही खरं.

स्पॅनिशमध्ये गायले असते तर जास्त लोकांनी ऐकलं असतं? असेलही. आजीबाईंचे ओठ हलले नसते.

गेल्या गणपतीत आरतीनंतर भाच्याने स्वतः लिहिलेला मालवणी रॅप म्हटला. घरभर हशा. सगळ्यात मोठ्याने दादा हसला. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. आंब्याची कलमं विकली त्यावर होता तो, आणि कलमं दादानेच विकली होती.