कंट्रोलर ठीक, प्रोब बाद

प्रश्न: आमच्या प्री-कूलिंग खोलीचा कंट्रोलर जुना आहे, पण चालतो. त्याचा थर्मिस्टर प्रोब (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) तुटला. तो आता बनत नाही आणि वायरवरचा नंबरही पुसला गेलाय. एमजी रोडवरून 10 केचा प्रोब आणून लावला. डिस्प्लेवर शून्य दिसतं, पण पेटीतला थर्मामीटर साडेतीन अंश दाखवतो. कंट्रोलरच बदलावा का? (द्राक्ष निर्यातदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर: बदलू नका. तुमच्या फरकावरूनच दोष बहुधा कळतो. ‘10 के’ म्हणजे 10 किलोओहम, हा फक्त 25 अंशांवरचा रेझिस्टन्स. थंडीत तो किती चढणार हे बीटा या आकड्यावर ठरतं आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. शीतगृहाच्या कंट्रोलरना बहुतेक 3435 बीटाचा प्रोब लागतो, बाजारात सर्रास मिळतो तो 3950चा. शून्य अंशाला पहिला सुमारे 27.3 किलोओहम, दुसरा सुमारे 32.6. म्हणजे 3950च्या प्रोबला 27.3 यायला खोली साडेतीन अंशांवर असावी लागते. कंट्रोलर तिथेच शून्य समजून कॉम्प्रेसर बंद करतो.

तरी अंदाजावर जाऊ नका, कंट्रोलरलाच विचारा. मेन स्विच बंद करून प्रोब काढा आणि त्या जागी 100 केचा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलता येतो तो पोटेन्शिओमीटर) जोडा. काही स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे प्रोबच्या टर्मिनलवर थेट मेन्सचा करंट असू शकतो. म्हणून पॉटची मूठ प्लास्टिकचीच हवी आणि सप्लाय चालू असताना उघड्या तारेला हात नको. डिस्प्लेवर 0 येईपर्यंत पॉट फिरवा, सप्लाय बंद करा, पॉट सोडवून मल्टिमीटरवर मोजा. 25 अंशांसाठीही तसंच. 25 अंशांना 10 आणि शून्याला 27 किलोओहमच्या आसपास आलं तर 3435 नक्की. रेझिस्टन्स वाढवल्यावर डिस्प्लेवरचं तापमान वाढलं, तर मूळ प्रोब एनटीसी (थंडीत रेझिस्टन्स वाढणारा, वरच्या 10 केसारखा) नव्हेच, पीटीसी (उष्णतेत वाढणारा) आहे. 25 अंशांना साधारण 1000 ओहम, शून्याला 815च्या आसपास. मग एनटीसीचा नाद सोडा.

नवा प्रोब घेताना बीटा लिहिलेलाच मागा आणि घरी बर्फात तपासा. थर्मासमध्ये चुरलेला बर्फ घट्ट भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला. प्रोब तळाला न टेकवता पाच मिनिटं ठेवा, ढवळत राहा. कोमट पाण्यात दुसरं माप घ्यायचं असेल तर शेजारी चांगला थर्मामीटर हवाच. उकळतं पाणी म्हणजे 100 अंश हे नाशकात धरू नका. सुमारे 600 मीटर उंचीवर ते 98च्या आसपास उकळतं.

हंगामात प्रोब मिळेपर्यंत आहे त्यावरच भागवायचं तर प्रोबला समांतर 165 किलोओहम लावा: 150 के आणि 15 के, दोन्ही 1 टक्क्याचे मेटल फिल्म, एकामागे एक. उणे 5 ते अधिक 10 अंशांपर्यंत फरक पाव अंशाच्या आत येतो. 25 अंशांवर मात्र डिस्प्ले दीड अंश जास्त दाखवेल, पण शीतगृहाला त्याचं काय! कंट्रोलरच्या मेन्यूतला ऑफसेट (डिस्प्लेच्या आकड्यात मिळवायची दुरुस्ती) साडेतीनने सरकवणं सोपं वाटतं. त्याने शून्यावर जुळतं, पण 10 अंशांवर अंशभर चुकतं, म्हणजे माल थंड होत असतानाचे आकडे खोटे.

जोडाकडे लक्ष द्या. पेट्यांतल्या ग्रेप गार्डमधून (द्राक्षं टिकवणाऱ्या कागदातून) सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि ओलाव्यात तांबं खातो. वायरचा जोड शक्यतो खोलीबाहेर घ्या. आत असेल तर सोल्डर करून गोंदाचं हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. प्रोबमध्ये पाणी शिरलं तर रेझिस्टन्स घटतो, कंट्रोलरला खोली गरम वाटते, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि उणे 2-3वर माल गोठू लागतो. हा दोष आधीच्यापेक्षा महागात पडतो. वायर वीस मीटर वाढवली तरी एनटीसीला दीड-दोन ओहमने फरक पडत नाही. पीटीसीला पाव अंशापर्यंत पडतो. प्रोबची वायर कॉम्प्रेसरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

प्रश्न: पॉवर सप्लायमधला 5D-11 थर्मिस्टर जळाला. वरचा 10 केचा चालेल? (अंबड)

उत्तर: नाही. तो तापमान मोजत नाही, स्विच टाकताना येणारा करंटचा झटका अडवतो. 5 म्हणजे थंड असताना 5 ओहम, 11 म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये. तेवढेच ओहम आणि तेवढा किंवा जास्त करंट सोसणारा घ्या. तो चालताना खूप तापतो, म्हणून पाय लांब ठेवून बोर्डापासून उचलून बसवा, शेजारी कपॅसिटर नको. आधी ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि स्विचिंग मॉसफेट (सप्लायचा मुख्य ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत का बघा. असतील तर नवाही लगेच फुटेल.