गुडघा दुखतो, मग पोटाची चौकशी कशासाठी?

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नागपुरात मानेवाडा भागात राहते. वर्षभर दोन्ही गुडघे दुखत असल्यामुळे एका निसर्गोपचारतज्ज्ञांकडे गेले. गुडघ्याला हात लावण्याआधी त्यांनी पाऊण तास माझी झोप, भूक, शौच, पाळी, चहाच्या वेळा, घरातली कामे, इतकेच काय, मनावर कसला ताण आहे, हेही विचारले. थकवा, केस गळणे आणि बद्धकोष्ठता हे त्रास मला आहेत, पण त्यांचा गुडघ्याशी काय संबंध? हे शास्त्र आहे की बोलण्याची पद्धत?

उत्तर : पाऊण तास विचारपूस झाली ही आपली तक्रार असेल, तर मला ती त्या तज्ज्ञांच्या बाजूने बोलणारी गोष्ट वाटते. निसर्गोपचारात चौकशी दुखऱ्या जागेपासून सुरू होते, पण तिथे थांबत नाही. पचन, उत्सर्जन, रक्ताभिसरण, श्वसन, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था, झोप आणि मन यांपैकी कुठे काय बिघडले आहे आणि कोणता बिघाड दुसऱ्या कोणत्या बिघाडाला खतपाणी घालतो आहे, हे शोधायचे असते.

आपल्याच पत्रातल्या तक्रारी एका ओळीत मांडून पाहा. गुडघ्यांसाठी आपण हाडांच्या डॉक्टरांकडे, केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि पोटासाठी तिसऱ्याच कोणाकडे गेलात, तर प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असूनही या तक्रारी एकमेकींच्या शेजारी कधी येणारच नाहीत. आता समजा, थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे. तसे झाले की चयापचय मंदावते, आतड्यांची हालचाल कमी होऊन बद्धकोष्ठता होते, केस गळतात, वजन थोडे वाढते, स्नायू आणि सांधे दुखतात आणि काही स्त्रियांना पाळीत रक्तस्राव जास्त होतो. त्या रक्तस्रावातून शरीरातले लोह घटते आणि लोह घटले की थकवा आणि केस गळणे आणखी वाढते. त्यातच जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल, तर अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. म्हणूनच चहा किती वेळा घेता यापेक्षा केव्हा घेता, हा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानतो.

ही मांडणी पटण्याजोगी असली तरी तो अजून अंदाजच आहे. थायरॉईड अगदी ठीक असून सगळे काही लोहाच्या कमतरतेतून सुरू झालेले असू शकते, किंवा गुडघ्यांची झीज आणि बाकीच्या तक्रारी केवळ योगायोगाने एकत्र आलेल्या असू शकतात. संपूर्ण शरीराचा विचार करण्यातला धोका हाच आहे, की मनात आणले तर काहीही कशाशीही जोडता येते. आमच्यातले काही जण नेमके इथेच घसरतात; प्रत्येक आजाराचे मूळ पोटात ठरवून ते सरसकट एनिमा आणि ओटीपोटावर मातीची पट्टी सांगतात. थायरॉईड मंदावलेल्या रुग्णाला त्याने दोन दिवस हलके वाटते आणि मूळ आजार सहा महिने तसाच राहतो. त्यामुळे टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), जीवनसत्त्व ब-१२ आणि रक्तातील साखर या तपासण्या आपण आधी करून घ्याव्यात. त्या तज्ज्ञांनी त्या सांगितल्या नसतील, तर पाऊण तासाची चौकशी अर्धवट राहिली असे मी म्हणेन.

टीएसएच बरेच वाढलेले निघाले तर थायरॉक्सिनची गोळी लागेल आणि तिची मात्रा फिजिशियन ठरवतील. निसर्गोपचार तिच्या जोडीने चालतो. ती गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर लागते. लोह कमी असल्यास डॉक्टर देतील त्या गोळ्यांबरोबर जेवणात पालेभाज्या, चवळी, हरभरे आणि अळीव यांचे प्रमाण वाढवावे आणि सोबत क जीवनसत्त्व मिळेल असे पाहावे. नागपूरकरांना हे अवघड नाही. अंबिया बहराची, म्हणजे एका हंगामाची, संत्री संपली की मृग बहराची, म्हणजे दुसऱ्या हंगामाची, बाजारात येतात आणि संत्री नसतील तेव्हा लिंबू आहेच.

गुडघ्यांनाही आपण विसरायचे नाही. वजन जास्त असेल तर ते १ किलोने कमी झाले तरी चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो, असे मोजून पाहिलेले आहे. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून काही क्षण तसाच धरण्याचा व्यायाम मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देतो. शेक घेतल्याने आराम पडतो, तो जरूर घ्यावा, मात्र त्याने झीज भरून निघत नाही.

प्रश्न : धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या भावाने डोळ्यांचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवल्यावर ‘मूत्रपिंड कमजोर आहे’ असे निदान त्याला मिळाले. डोळ्यांत सगळ्या शरीराचा नकाशा असतो, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या इग्नाझ पेझेली यांनी मांडली आणि बुबुळाभोवतीच्या रंगीत पडद्याचा एकेक भाग एकेका अवयवाला वाटून दिला. १९७९ साली अमेरिकेत तिची परीक्षा झाली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या आणि नसलेल्या अशा १४३ जणांच्या डोळ्यांची छायाचित्रे या पद्धतीच्या तीन जाणकारांना दाखवली गेली आणि कोण आजारी व कोण निरोगी हे त्यांना ओळखता आले नाही. आपल्या भावाने रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे म्हणजे मूत्रपिंडाचा प्रश्न निकाली निघेल.

याचा अर्थ डोळे, जीभ आणि चेहरा पाहू नये असा नव्हे. खालची पापणी ओढून आतला भाग फिकट दिसला तर रक्तक्षयाची शंका येते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर काविळीची, आणि जीभ गुळगुळीत व लाल दिसली तर ब-१२ च्या कमतरतेची. पण या शंका आहेत आणि पुढची तपासणी कोणती करायची, एवढेच त्या सांगतात. भावाला पुढे निसर्गोपचार घ्यायचाच असेल, तर समोरच्या व्यक्तीची पदवी त्याने निःसंकोच विचारावी. बी.एन.वाय.एस. हा निसर्गोपचार आणि योग यांच्या पदवीचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवली जाते आणि वर्षभराची इंटर्नशिपही असते. छायाचित्रावरून निदान करणाऱ्याने तो अभ्यासक्रम केला असेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू आहे. येत्या मे महिन्यात सात दिवस फक्त रसाहारावर राहण्याच्या शिबिराला जायचे त्यांनी ठरवले आहे. तिथे गोळ्या बंद करायला सांगतात. हल्ली त्यांच्या पायांना मुंग्या येतात, तेही ‘विष बाहेर पडते आहे’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे असे, की सेवाग्रामला गांधीजींनी याच उपचारांवर विश्वास ठेवला होता.

उत्तर : वडिलांनी गांधीजींचे नाव घेतले आहे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करू. गांधीजींची निसर्गोपचारावरची श्रद्धा खरी होती. १९४५ साली पुण्यात त्यांनी त्यासाठी न्यास स्थापन केला आणि १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम सुरू केला. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. हे वडिलांना अवश्य सांगा.

आता शिबिराविषयी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी चालू ठेवून लंघन केले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते; गोळ्या बंद करून गोड फळांचे रस घेतले तर ती वर जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, तर काही गोळ्यांमुळे रक्तातले पोटॅशियम वाढते. मूत्रपिंड थोडेही अशक्त असेल, तर या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांबरोबर दिवसभर पोटॅशियमयुक्त नारळपाणी आणि रस घेणे हृदयाच्या ठोक्यांना त्रासदायक ठरू शकते. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा घामावाटे जाणारे पाणी वेगळेच. स्वादुपिंड, मूत्रपिंड, हृदय आणि बाहेरचे ऊन यांचा एकत्र विचार करणारा निसर्गोपचारतज्ज्ञ अशा रुग्णाला हे लंघन सांगणार नाही. गोळ्या कमी होऊ शकतात, पण आहार आणि चालणे सुधारून साखर उतरू लागल्यावर, त्याही डॉक्टरांनी आकडे पाहून कमी करायच्या असतात. तोवर वडिलांनी रोज सकाळी उन्हाआधी अंबाझरीला फिरायला जावे आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे.

मुंग्यांना विष समजू नका. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. त्या दीर्घकाळच्या मधुमेहामुळेही येतात. ब-१२ ची तपासणी या आठवड्यातच करून घ्या.

एवढे सांगूनही वडील उपाशी राहिलेच आणि त्यांना दरदरून घाम, थरथर किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर तिथल्या तिथे साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल किंवा मोजायला यंत्र नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे न्या. साखर घेऊन बरे वाटले तरी लगेच निश्चिंत होऊ नका. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे त्यांना जेवू घाला, डॉक्टरांना कळवा आणि त्या रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी जागे राहा.