बाबांचा ‘खरा स्वभाव’

प्रिय ‘अस्वस्थ लेक’, सांगली,

पतपेढीत तीस वर्षं कॅशियर, पै-पैचा हिशेब चोख, भिडस्त बाबा. तेच बाबा दीड वर्षापासून दुकानातून न विचारता पेढे उचलतात, लग्नात नवरीच्या रंगावरून मोठ्याने बोलतात, आई तापाने फणफणलेली असताना तिच्याकडेच जेवण मागतात. वय ५९. आईने अबोला धरलाय, काका म्हणतात म्हातारचळ लागला. आणि तू विचारतेस, ‘हाच त्यांचा खरा स्वभाव होता का?’

मला तसं वाटत नाही गं. पत्रावरून आजाराचं नाव सांगता येत नाही, पण या वयात माणूस असा आरपार बदलला की आधी मेंदू तपासायचा.

कपाळामागचा मेंदू आपली जीभ आवरतो, हात मागे खेचतो. समोरच्याचा चेहरा उतरला की आपलं काळीज हलतं, त्यातही त्याचा वाटा असतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाच्या आजारात हा भाग झिजतो, बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात. गोडाची हाव सुटते, माया आटल्यासारखी होते. स्मरणशक्ती मात्र सुरुवातीला बरीच शाबूत राहते. म्हणूनच ‘बाबांना अजून खातेदारांचे नंबर पाठ आहेत’ या तुझ्या वाक्याने मी निश्चिंत झाले नाही.

त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरकडे ने. काय, कधीपासून सुरू झालं ते लिहून घेऊन तूच सोबत जा. बाबा ‘मला काय झालंय?’ म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील. या आजारात स्वतःतला बदल स्वतःला कळत नाही. एमआरआय, थायरॉइड, बी-१२ तपासतील. मेंदूत गाठ किंवा नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. झीजच निघाली तर ती थांबवणारं औषध आज नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. वागणं थोडं निवळेल अशी औषधं मात्र देतात.

तोवर पेढेवाल्याला विश्वासात घे, त्याचे पैसे तू चुकते कर. एटीएम कार्ड आईकडे राहू दे. बाबांशी वाद घालू नकोस.

आईला मात्र ‘आजार आहे, समजून घे’ असं एकदम सांगू नकोस. तापात नवऱ्याने पाणीसुद्धा विचारलं नाही, हे तिचं दुखणं खरं आहे. आधी तिचं ऐक, रडली तर रडू दे. मग दवाखान्यात तिलाही सोबत ने; बाबा पूर्वी कसे होते, ते डॉक्टरांना तिच्याइतकं कोण सांगणार?

तपासणी झाली की मला लिही.

तुझी,
मावशी